मोठ्या डोलकाठीचे आकडे

काकूंनी मालकांवर डूख धरला होता, आणि तो लपवून ठेवावा असं त्यांना कधी वाटलं नाही. रस्त्यात मालकांची गाडी दिसली की त्या थांबायच्या, गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहायच्या आणि मग 'मेला अजून धडधाकट आहे' असं मोठ्यांदा म्हणून पुढे चालू लागायच्या. शेजारणी समजूत घालायच्या, जाऊ द्या हो, देवावर सोडा. काकू म्हणायच्या, देवाला पुष्कळ कामं आहेत, हे माझं मी बघते.

मालकांचा कारखाना जहाजांचा होता. खऱ्या नव्हे, शोभेच्या. जुन्या शिडाच्या जहाजाची मापं घ्यायची, प्रत्येक फळी, प्रत्येक दोर त्याच प्रमाणात लहान करायचा आणि तयार जहाज काचेच्या पेटीत ठेवून जहाज कंपन्यांच्या, हॉटेलांच्या दर्शनी दालनात पाठवायचं. सांगाडा सुतार करायचा, शिडं शिवायला एक बाई होती, रंगाला रंगारी होता. आणि दोर जिथे जिथे बांधायचे तिथले आकडे, कड्या, कप्प्या करायचे काकूंचे यजमान. त्यांना सगळे आकडेवाले म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ जुगाराचे आकडे घेतो. एकदा एकजण खरंच दाराशी येऊन हळूच विचारू लागला, आज काय लागेल? यजमानांनी त्याच्या तळहातावर तांदळाच्या दाण्याएवढा एक पितळी आकडा ठेवला आणि म्हणाले, हा घ्या, हा नक्की लागेल. तो बिचारा बराच वेळ आकड्याकडे बघत उभा राहिला.

ते काम घरीच चालायचं, खिडकीपाशी. पितळेची तार सुईभोवती गुंडाळायची, पात्याने उभी कापायची, की झाल्या कड्या. आकड्यासाठी फळीवर खिळे ठोकलेले असत. त्यांच्याभोवती तार वळवून चिमट्याने टोक दाबायचं आणि कानसेनं निमुळतं करायचं. कप्प्यांना पिवळसर, घट्ट दाण्याचं लाकूड लागे. त्याच्या बारीक पट्टीला आधी खाचा पाडायच्या, मग भोकं, आणि सगळ्यात शेवटी एकेक कप्पी कापायची. कप्पी आधी कापून मग भोक पाडायला गेलं तर ती बोटातून उडून पलंगाखाली जाते, आणि मग सगळं घर गुडघ्यांवर. काकूंचा संसार असा अर्धा गुडघ्यांवरच झाला.

काकूंकडे धुण्याचं खातं होतं. कडी आकड्याला झाळायची, म्हणजे कथील वितळवून जोडायची, तर आधी ऍसिड लावावं लागतं, नाहीतर झाळ धरतच नाही. पण ते ऍसिड काम झाल्यावर तिथेच राहिलं तर घात करतं. वरून काळा मुलामा दिला की काही दिसत नाही. जहाज पेटीत जातं, लोक वाहवा करतात, आणि आत ते पितळेला हिरवं करत, दोर खात बसलेलं असतं. मग एक दिवस दोर तुटतो. म्हणून प्रत्येक आकडा सोड्याच्या गरम पाण्यात घालायचा, दात घासायच्या जुन्या ब्रशने चोळायचा, परत पाणी बदलायचं, परत चोळायचा. काकू हे डोळ्यांत तेल घालून करायच्या. यजमान चेष्टा करायचे, आमच्या बाळंतपणात एवढं न्हाऊ घातलं नव्हतं कुणाला. काकू म्हणायच्या, तुमच्या बाळंतपणाचं मला सांगू नका.

तर त्या खेपेला एका बंदर कंपनीच्या जहाजाची घाई होती. फोटो काढायला माणूस यायचा होता. मालक स्वतः घरी आले. आकडे नुकतेच झाळून ताटलीत पडले होते, काकूंनी पाणी उकळत ठेवलं होतं. मालकांनी खिशातला रुमाल काढला, ताटली त्यात उपडी केली आणि गाठ मारली. यजमान म्हणाले, अहो, धुवायचेत. काकू म्हणाल्या, पाणी तयार आहे, थोडं थांबा. मालक म्हणाले, तिकडे धुवून घेतो हो, आमच्याकडे काय नळ नाहीत? आणि गेले.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. कारखान्यातले नळ कोरडेच राहिले. बंदर कंपनीच्या दालनात, बड्या पाहुण्यांसमोर, जहाजाच्या एका बाजूचे सगळे दोर सुटून लोंबले आणि मोठी डोलकाठी कलंडली. कंपनीचे लोक कारखान्यात आले. तेव्हा मालकांनी काखा वर केल्या. सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, आकडेवाल्याने न धुता दिले, वय झालं त्याचं, लक्ष राहत नाही, मीच मेला विश्वास ठेवला. यजमान तिथेच उभे होते. तोंड उघडून काहीतरी बोलले, पण कोण ऐकतो?

त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही कारखान्याने त्यांना दारात उभं केलं नाही. ही लाइन लहान आहे. इथे माणसाचं नाव एकदा गेलं की गेलं. ते बाजाराच्या कोपऱ्यावर कुलपांच्या किल्ल्या करून देत बसू लागले. तो हात, जो डोळ्याला जेमतेम दिसेल अशी कडी मिटवायचा, तो लोकांच्या गोदामांच्या किल्ल्या घासू लागला. घरी आले की बोलत नसत. असे झिजत झिजत एक दिवस गेले. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. काकूंनी मालकांचं नाव सांगितलं, डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही.

काकूंनी मात्र काम सोडलं नाही. इतकी वर्षं बघून बघून त्यांचा हात बसला होता. हौशी लोक असतात, घरी बसून जहाजं करणारे, त्यांना त्या कप्प्या करून द्यायच्या. आणि वाट बघायच्या. कसली, ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. पण एक दिवस तो माणूस माझ्या दारात येईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि तो आला. डोकं पार पांढरं झालेलं, तोंडात साखर. "वहिनी, ओळखलंत का?"

"न ओळखायला काय झालं," काकू म्हणाल्या. "बसा."

मालकांना आजवरचं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं. तीन डोलकाठ्यांचं जहाज, माणसाच्या उंचीचं. गिऱ्हाईक चोखंदळ होतं, त्याला साच्यात ओतलेले आकडे नको होते, हाताने केलेलेच हवे होते. आणि तसं करणारा आता कुणी उरला नव्हता. "तुमच्या घरचा हात पाहिजे, वहिनी. आकडेवाल्यांचा हात म्हणजे काय होता हो! मी सगळ्यांना सांगतो."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली कपबशी त्याच्या तोंडावर फेकावी असं वाटलं. पण त्या हसल्या. इतकं गोड हसल्या की मालकांनी आणखी एक कप चहा घेतला.

"करते की," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाही कसं म्हणू?"

बेत त्यांच्या डोक्यात मालक जिना उतरायच्या आधीच तयार झाला. आकडे करायचे, एकापेक्षा एक सुबक. झाळायचे. आणि धुवायचे नाहीत. तू म्हणालास ना आम्ही न धुता दिले? मग घे आता, खरोखरचे न धुतलेले घे. तुझं सगळ्यात मोठं जहाज सगळ्या जगासमोर लोंबू दे. त्या कामाला बसल्या आणि वर्षानुवर्षांत पहिल्यांदा गुणगुणू लागल्या. लेकीला आश्चर्य वाटलं. लेक दवाखान्यात परिचारिका होती, कामावरून दमून यायची. म्हणाली, "आई, काय गं, तरुण झालीस की."

"झाले," काकू म्हणाल्या. "मालकांचं काम आहे."

"त्यांचं? आणि तू घेतलंस?" लेकीने पर्स खाली ठेवली. "बरं केलंस. किती दिवस मनात ठेवायचं? सोडून द्यावं माणसाने."

काकूंनी कानस परत हातात घेतली. सोडतेय बघ कशी, असं मनात म्हणाल्या.

पण काम चोख व्हायला हवं होतं, सुडाचंसुद्धा. दोर किती दिवसांत तुटतो ते त्यांना बघायचं होतं. म्हणून त्यांनी एक न धुतलेला आकडा घेतला, त्याला काळा मुलामा दिला, दोरा बांधून खाली शिशाचा गोळा अडकवला आणि सगळं एका काचेच्या बरणीत टांगून बरणी खिडकीत ठेवली. रोज सकाळी उठल्या उठल्या बरणी बघायची. आधी काहीच होईना. मग काळ्या मुलाम्याखालून हिरवी बुरशी आल्यासारखं दिसू लागलं, दोऱ्याला गंजकट डाग पडला. काकूंना असा आनंद झाला की त्यांनी बरणीला, चांगली गं बाई माझी, असं म्हटलं. आणि एका सकाळी गोळा बरणीच्या तळाशी पडलेला होता. दोरा तुटला होता.

त्याच वेळी लेक कामावर निघाली होती. तिने बरणी उचलून उजेडात धरली. हिरवा आकडा बघितला, तुटका दोरा बघितला, आणि तिचा चेहरा मऊ झाला.

"हा बाबांच्या त्या वेळच्या आकड्यांतला का गं?" ती म्हणाली. "जपून ठेवलास?"

काकूंना आधी कळेना. "त्या वेळच्या म्हणजे?"

"अगं, ते धुवायचे राहिले होते ना त्यांच्याकडून, त्यातला." लेक बरणी हळूच खाली ठेवत म्हणाली. "मला कधी राग नाही आला हं त्यांचा. माणूस आहे, विसरतो. एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं त्यांनी."

काकू खुर्चीवर बसल्या. त्यांना वाटलं होतं की या घरात तरी हा विषय बोलायची गरज नाही. लेक तेव्हा शाळेत होती, तिला समोर बसवून कुणी सांगितलंच नव्हतं. यजमान तोंड मिटून बसले होते, काकू शिव्या देत होत्या, आणि पोरीने बाहेरून जे कानावर आलं ते खरं मानून बापाला मनातल्या मनात माफसुद्धा करून टाकलं होतं.

"तुझा बाप विसरला नव्हता," काकू ओरडल्या. "पाणी उकळत होतं! माझ्यासमोर नेले त्याने, रुमालात बांधून!"

लेक म्हणाली, "बरं, बरं, आई." म्हातारं माणूस हट्टाला पेटलं की परिचारिका म्हणते तसं. आणि कामावर गेली.

दिवसभर काकूंनी हत्यार हातात धरलं नाही. डब्यात शेकडो आकडे पडले होते, न धुतलेले, देखणे. हे जहाज लोंबलं की काय होईल? मालक परत काखा वर करेल. म्हणेल, बघा, त्या घराचं कामच असं, नवऱ्याचं तेच, बायकोचं तेच. आणि या वेळी ते खरं असेल. पोटची पोर मान हलवून म्हणेल, बरं, आई. ज्या खोट्याने नवरा नेला, ते खोटं त्या स्वतःच्या हाताने खरं करून द्यायला निघाल्या होत्या. काकूंना स्वतःच्या मुस्काटीत मारून घ्यावीशी वाटली. मग उठल्या, मोठं पातेलं भरून पाणी ठेवलं, सोडा टाकला, आणि सगळेच्या सगळे आकडे ब्रशने घासायला बसल्या. बोटांची साल निघाली. तोंडाने मालकांच्या मागच्या पुढच्या पिढ्यांचा उद्धार चालू होता. प्रत्येक आकड्याला एक शिवी, असा काहीसा हिशोब होता.

आकडे निर्मळ झाले, पण डूख काही धुतला गेला नव्हता. आता त्यांना जहाज नको होतं. मालकांची जीभ हवी होती.

त्या कारखान्यात एक रीत होती. मोठी डोलकाठी उभी करायच्या दिवशी सगळे हातातलं काम ठेवून जहाजाभोवती जमत, आणि ज्याने जे केलं तो त्याच्यापाशी उभा राही. सांगाड्यापाशी सुतार, शिडांपाशी शिवणारी बाई. आकडेवाल्यांची जागा मोठ्या डोलकाठीच्या बुडाशी असायची. काकूंनी बाकीचं सगळं सामान वेळच्या वेळी पोचतं केलं, मोठ्या डोलकाठीचे आकडे तेवढे मागे ठेवले. मालकांचे निरोपावर निरोप आले. काकू म्हणायच्या, होतायत, मीच घेऊन येते त्या दिवशी. लेकीला त्यांनी सुट्टी घ्यायला लावली.

"मला कशाला?" लेक म्हणाली.

"ऐकायला," काकू म्हणाल्या.

कारखान्यात भुशाचा आणि वॉर्निशचा तोच वास होता. मधल्या टेबलावर जहाज उभं होतं. खरंच देखणं होतं मेलं. मोठी डोलकाठी जागेवर बसवली होती, पण तिला ताणून धरणारे दोर नुसतेच खाली सोडलेले, आणि रंगारी तिला हाताने धरून उभा होता. सगळे जुनेच चेहरे, फक्त केस गेलेले. सुतार पुढे येऊन म्हणाला, "वहिनी, किती वर्षांनी!" गिऱ्हाईक जेवण उरकून यायचं होतं, त्याच्या आत दोर बांधून व्हायला हवे होते. मालक घाम पुसत होते. त्यांनी डब्यासाठी हात पुढे केला.

काकू स्टुलावर बसल्या आणि डबा मांडीवर घेतला.

"आधी ते बोला," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"बंदर कंपनीचं जहाज का लोंबलं, ते. इथेच बोलला होतात ना, सगळ्यांसमोर? आता खरं बोला. सगळे आहेत. ही माझी लेक आहे. मोठ्याने बोला, तिला ऐकू गेलं पाहिजे."

मालक आधी हसले. मग म्हणाले, वहिनी, हे काय आत्ता? मग रागावले, जुनं उकरून काय मिळणार म्हणाले. मग घड्याळाकडे बघितलं. काकू हलल्या नाहीत. डब्यावरचे त्यांचे हात सोड्याने फाटलेले होते. शेवटी मालकांनी जहाजाकडे बघितलं, हातात काठी धरून अवघडलेल्या रंगाऱ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मी नेले होते. न धुता. इथेही धुवायला सांगितले नाहीत, वेळ नव्हता. त्याची काही चूक नव्हती."

"इकडे बघून."

मालक वळले. लेकीकडे बघून तेच परत बोलले. लेकीने तोंडावर हात ठेवला आणि ती रडू लागली. काकूंना वाटलं होतं या क्षणाला छाती हलकी होईल. थोडी झालीसुद्धा. त्यांनी डब्याचं झाकण उघडायला घेतलं.

तेवढ्यात सुतार पुढे आला. त्याचे डोळे भरले होते. भल्या मनाने, काकूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं झालं वहिनी, निघालं एकदाचं. आम्हाला काय, ठाऊकच होतं हो. रुमाल माझ्याच टेबलावर सोडला होता. चिकट होते आकडे, हाताला लागत होतं."

काकूंचा हात झाकणावर थांबला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच." सुताराने आजूबाजूला बघितलं. रंगाऱ्याने मान खाली घातली. शिवणारी बाई पदराशी चाळा करू लागली. "आकडेवाले आले होते सगळ्यांकडे, माझ्याकडेही, त्याच आठवड्यात. म्हणाले, तू एक शब्द बोल, बाकी काही नको. पण माझं तेव्हा घराचं बांधकाम चाललं होतं, नोकरी गेली असती तर... तुम्ही जाणताच, वहिनी."

नाही, काकू जाणत नव्हत्या. यजमानांनी घरी हे कधीच सांगितलं नव्हतं. दारोदार जाऊन एक शब्द मागितला आणि रिकाम्या हाताने परत आले, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. ते गेले त्या दिवशी हाच सुतार सगळ्यात आधी घरी आला होता. रात्रभर बसून राहिला होता, आणि काकूंनी त्याला भला माणूस म्हणून मनात ठेवलं होतं. इतकी वर्षं त्या एका माणसाला शिव्याशाप देत बसल्या, आणि इथे एवढे सगळे मूग गिळून आपापल्या कामाला लागले होते. काकूंना यजमानांचा राग आला, सुताराचा आला, स्वतःचा आला. त्यांनी सुताराचा हात खांद्यावरून उचलून बाजूला केला.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मालक म्हणाले, "वहिनी, आले ते लोक. झालं ना तुमच्या मनासारखं? द्या डबा."

लेकीने डोळे पुसत आईचा दंड धरला. "आई, चल. झालं."

"झालं नाही," काकू म्हणाल्या.

त्यांनी झाकण परत घट्ट बसवलं. "मालकांशी माझी बोली होती, ती पुरी झाली. तुमच्याशी अजून झालेली नाही." त्या सुताराकडे बघत होत्या. "ते लोक आत येऊ देत. त्यांनाही ऐकू दे. माझा नवरा तुमच्या दारात आला तेव्हा तुम्ही त्याला काय सांगितलंत, ते एकेकाने इथे येऊन, माझ्या लेकीकडे बघून बोलायचं."

रंगाऱ्याचे हात भरून आले होते, डोलकाठी त्याच्या हातात डुलत होती. दार उघडलं, पाहुणे आत आले, आणि सुतार डोळ्यांवरचा चष्मा काढून खिशात ठेवत लेकीच्या समोर येऊन उभा राहिला.